पाण्याचा कूलर घ्यावा की वाऱ्याचा?

श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावाहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. चार पानी आहे आणि उर्दूत आहे, म्हणून इथे त्याचा सारांश देते. मुलगा यंदा बारावी झाला. ॲनिमेशन शिकायचं त्याच्या मनात आहे. पुण्याला ठेवण्याची ऐपत नाही, म्हणून गावाजवळच्या कॉलेजात पदवी आणि जोडीला घरबसल्या ॲनिमेशनचा कोर्स, असं ठरलं. त्यासाठी डेस्कटॉप संगणक हवा. बाईंची भिशी याच महिन्यात लागली. ती रक्कम आणि भावाकडून घेतलेली थोडी उसनवारी मिळून पंचाऐंशी हजारांची सोय झाली. दुकानदाराने कोटेशन दिलं आणि त्यातल्या एका ओळीवर घर अडलं: लिक्विड कूलर, ३६० एमएम, साडेअकरा हजार रुपये.

मुलगा म्हणतो, हा नसेल तर प्रोसेसर उडेल. त्याच्या अब्बांचं मोटारीचं गॅरेज आहे. ते म्हणतात, विजेच्या यंत्रात पाणी घालतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय, आणि रेडिएटर म्हटला की तो आज ना उद्या गळणारच. धाकटी मुलगी अकरावीला जाणार, तिच्या फीचे दहा हजार अजून भरायचे आहेत. बापलेकाचं आठवडाभर बोलणं बंद आहे. शेवटी बाई विचारतात, "आपा, त्यात रोज पाणी भरावं लागतं का? आमच्याकडे नळ दोन दिवसाआड येतो."

या प्रश्नाला कुणी हसू नये. आपल्याकडे कूलर म्हटलं की खिडकीतला वाळ्याचा कूलरच डोळ्यांसमोर येतो, ज्यात बादलीने पाणी ओतायचं असतं. संगणकाच्या दुकानातला लिक्विड कूलर वेगळा. त्यातलं पाणी कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं. ते रोज भरायचं नाही, महिन्याने नाही, कधीच नाही. नळाचा आणि त्याचा काही संबंध नाही.

आता वादाच्या मुळाशी जाऊ. प्रोसेसर तापतो का? संगणकाचा प्रोसेसर जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. पंख्याची वीज पातं फिरवते, दिव्याची उजेड देते. प्रोसेसर हिशेब करतो, पण त्या हिशेबाला वजन नसतं, म्हणून वीज सगळी उष्णतेत जाते. या मुलाच्या कोटेशनमध्ये रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर आहे. त्याच्यावर ६५ वॅटचा शिक्का असतो आणि पूर्ण जोरात चालवला तर तो ८८ वॅटपर्यंत घेतो. आपल्या लहानपणी घरात ६० वॅटचा पिवळा बल्ब असायचा, आठवतो? पेटलेल्या बल्बला चुकून हात लागला तर चटका बसायचा. तेवढीच, किंबहुना जास्त उष्णता इथे बोटाच्या नखाएवढ्या चकतीतून बाहेर पडते. ती लगेच दुसरीकडे नेली पाहिजे. ती कशी न्यायची, एवढाच कूलरचा प्रश्न.

वाऱ्याच्या कूलरमध्ये प्रोसेसरवर धातूचा ठोकळा बसवतात. त्यातून तांब्याच्या चार-सहा नळ्या वर जातात, नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत असते आणि शेजारी पंखा. याला टॉवर कूलर म्हणतात. आता गंमत पाहा, या तांब्याच्या नळ्यांतही पाणी असतं! आतली हवा काढून घेऊन थोडंसं पाणी ठेवून नळी दोन्ही टोकांना बंद करतात. हवेचा दाब नसल्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. खालच्या गरम टोकाशी वाफ होते, वाफ वर जाते, पत्र्यांपाशी थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या खरखरीत अस्तरातून परत खाली येते, जसं दिव्याची वात तेल ओढते तसं. ना पंप, ना रबरी नळी, ना झिजणारा भाग. हे चक्र वर्षानुवर्षं चालू राहतं. म्हणजे अब्बांनी ज्याला 'पाण्याशिवायचा' म्हटलं, त्यातही चमचाभर पाणी आहेच.

लिक्विड कूलरमध्ये प्रोसेसरवर तांब्याची पट्टी आणि बहुधा तिच्याच डोक्यावर छोटा पंप असतो. पंप पाणी रबरी नळ्यांतून रेडिएटरकडे ढकलतो. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला किंवा पुढच्या बाजूला बसवतात, त्याला दोन-तीन पंखे. आत शुद्ध पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण असतं, गाडीतल्या कूलंटच्या जातीचं. २४० आणि ३६० हे आकडे रेडिएटरच्या लांबीचे, मिलिमीटरमध्ये. म्हणजे १२० मिलिमीटरचे दोन पंखे किंवा तीन.

आता शेवट काय? टॉवर कूलरची उष्णता पंख्याच्या वाऱ्याने खोलीत जाते. लिक्विड कूलरची उष्णता पाण्याने रेडिएटरपर्यंत आणि तिथून पंख्याच्या वाऱ्याने खोलीतच जाते. दोन्ही वाटा एकाच दारात येऊन थांबतात. पाण्याचा फायदा एवढाच की ते उष्णता फार चांगली वाहून नेतं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात साधारण साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. त्यामुळे अडचणीच्या जागेतून उष्णता उचलून मोकळ्या जागी, मोठ्या रेडिएटरवर पसरायला पाणी उत्तम. पण उष्णताच फार नसेल तर एवढ्या मोठ्या हमालाला बोलवायचं कशाला?

हे गॅरेजवाल्या भाईंना माझ्यापेक्षा चांगलं कळेल. नगरच्या कायनेटिकच्या कारखान्यातली लुना आठवा. पन्नास सीसीचं इंजिन, त्याला वाराच पुरायचा. दुधाच्या बरण्या टांगून, मागे माणूस बसवून ती लुना गावोगाव फिरली, पण तिला रेडिएटर लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. ट्रॅक्टर मात्र उभ्या जागी तासन्‌तास जोर लावतो, त्याला पाणी लागतं. लुना आणि ट्रॅक्टर यांत कोण श्रेष्ठ, असा वाद कुणी घालत नाही, कामाप्रमाणे यंत्र. ६५ वॅटचा प्रोसेसर ही लुना आहे. इंटेलचा कोअर आय-९ १४९००-के हा ट्रॅक्टर; पूर्ण जोरात तो २५३ वॅटपर्यंत जातो. त्याला मोठा लिक्विड कूलर लावणं समजू शकतं. मुलाच्या कोटेशनमध्ये लुनाला ट्रॅक्टरचा रेडिएटर लावला आहे.

भाईंचं गळतीबद्दलचं मत मात्र अर्धंच बरोबर आहे. गाडीच्या इंजिनात कूलंट नव्वद अंशांच्या आसपास आणि दाबाखाली असतं, वर रस्त्याचे हादरे. रबर कडक होतं, क्लिप सैल होते, गळती होते. संगणकातलं पाणी इतकं तापत नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यातही चहापेक्षा कोमटच, आणि दाबही किरकोळ. चांगल्या कंपनीचा कूलर सहसा गळत नाही. तरी गळतच नाही असंही नाही. २००४ साली ॲपलने पॉवर मॅक जी-५ या महागड्या संगणकाला पाण्याचं कूलिंग दिलं होतं, आणि पुढे त्यातले कितीतरी संगणक गळून आतून खराब झाले. गळालं तर पाणी खालच्या ग्राफिक्स कार्डावर पडतं, आणि या कोटेशनमध्ये ती सगळ्यांत महाग वस्तू आहे.

माझी खरी हरकत गळतीला नाही, पंपाला आहे. पंप ही फिरणारी वस्तू, ती झिजते. शिवाय रबरी नळ्यांतून पाणी अगदी हळूहळू, वर्षावर्षाने, उडून जातं. लिक्विड कूलरची कंपनी हमी देते ती तीन, पाच, फार तर सहा वर्षांची, आणि त्याचं आयुष्यही साधारण तेवढंच धरावं. पंप बंद पडला की संगणक काही मिनिटांत तापून मंदावतो किंवा बंद होतो. मग काय करायचं? भिंगारमधल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा पंप ऐन परीक्षेच्या महिन्यात गेला. हमी होती. पण वस्तू पाठवायची मुंबईला, बदलून यायला तीन आठवडे, आणि तोवर संगणक नुसता उभा. टॉवर कूलरचा पंखा गेला असता तर? १२० मिलिमीटरचा पंखा नगरच्या दुकानात पाचशेच्या आसपास मिळतो, दोन क्लिपा काढल्या की बदलता येतो. ठोकळा आणि नळ्या तशाच राहतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर राहणाऱ्याला हे कळणार नाही, पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने वस्तू घेताना आधी हेच विचारावं: बिघडली तर इथे कोण दुरुस्त करेल?

वारा आणि पाणी, दोन्ही प्रकारचा गारवा नगरकरांनी दगडात बांधलेला पाहिला आहे. मुर्तजा निजामशाहच्या काळात, १५८३ साली पूर्ण झालेला फराहबागेतला महाल मोठ्या तलावाच्या मधोमध उभा आहे. भोवती पाणी, पाण्यावरून येणारी झुळूक, आत उंच दालनं. उन्हाळ्यात सुलतानाला गारवा मिळावा म्हणून केलेली ही थाटाची व्यवस्था. आणि शहराबाहेर पाथर्डी रस्त्याला डोंगरावर सलाबतखान दुसरा याची कबर आहे, जिला आपण सगळे चांदबीबी महाल म्हणतो. आठ बाजूंची, तीन मजली, सगळीकडून कमानी उघड्या. तिथे पाणी नाही, फक्त वारा. मुलांची सहल घेऊन मी दोन्हीकडे गेले आहे. फराहबागेच्या तलावाला पाणी लांबून आणावं लागायचं, आणि ते आणणारी माणसं आणि व्यवस्था गेल्यावर तलाव कोरडा पडला. आज महाल आहे, गारवा नाही. डोंगरावर मात्र अजूनही ओढणी सांभाळत उभं राहावं लागतं.

यावरून वारा नेहमीच चांगला असं कुणी समजू नये. पाण्याचं कूलिंग जिथे शोभतं तिथे त्याला पर्याय नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' हा महासंगणक आहे. त्यात पाणी थेट प्रोसेसरवरच्या पट्टीपर्यंत नेलेलं आहे. शेकडो प्रोसेसर एका खोलीत रात्रंदिवस पूर्ण जोरात चालणार, सगळी खोली एसीने थंड करायची तर विजेचं बिल न परवडणारं, म्हणून ती सोय. तिथे देखभालीला माणसं असतात. घरातही ज्याचा प्रोसेसर दोनशे-अडीचशे वॅटचा आहे आणि जो दिवसाचे आठ-दहा तास त्याच्याकडून काम करून घेतो, त्याने ३६० चा कूलर खुशाल घ्यावा. कॅबिनेट इतकं बुटकं की उंच टॉवर मावत नाही, त्यानेही घ्यावा. आणि ज्याला आतले रंगीत दिवे आवडतात आणि पैसे मोजायला जड जात नाहीत, त्यानेही घ्यावा. हौसेला मोल नसतं. फक्त तिला गरज म्हणू नये.

आता मुलाच्या म्हणण्याकडे. बेटा, प्रोसेसर उडत नाही. तुझ्या प्रोसेसरची कंपनीने ठरवलेली मर्यादा ९५ अंश आहे. इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच प्रोसेसरांची १०० अंश. त्या टोकाला पोचला की तो आपला वेग आपणच कमी करतो. तरीही उतरला नाही तर संगणक स्वतःला बंद करून घेतो. म्हणजे जळण्याची भीती नाही, मंदावण्याची आहे. ॲनिमेशनच्या कामात मंदावणं म्हणजे वेळ जाणं, ही तक्रार खरी आहे आणि तुझ्या अब्बांनी ती समजून घ्यावी.

आणि ती आपल्या भागात जास्तच खरी आहे. कूलर कुठल्याही जातीचा असो, तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. परदेशातली माणसं व्हिडिओत जे आकडे दाखवतात ते वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याखालच्या खोलीत जोहरनंतरचे दोन तास कसे असतात ते सांगायला नको. हिशेब सोपा आहे. एखादा कूलर २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० वर ठेवत असेल, तर तो खोलीपेक्षा ४८ अंश वर आहे. खोली ४० ची झाली की तोच प्रोसेसर ८८ च्या आसपास जाईल. म्हणून व्हिडिओतल्या आकड्यात आपला उन्हाळा मिळवूनच वाचायचं.

याच कारणाने मी डब्यातल्या कूलरवर भागवा असंही म्हणत नाही. या प्रोसेसरसोबत कंपनी एक छोटा पंखावाला कूलर फुकट देते. हिवाळ्यात, किंवा टायपिंग आणि अभ्यासाच्या कामाला तो ठीक आहे. पण पत्र्याखालच्या घरात, मे महिन्यात, तासभर रेंडर लावलं तर तो कमी पडेल. मधला मार्ग आहे. चार तांब्याच्या नळ्यांचा आणि १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर अडीच हजारांच्या आसपास मिळतो. सहा नळ्या आणि दोन पंखे असलेला साडेतीन-चार हजारांत. ८८ वॅटला चार नळ्यांचा भरपूर आहे. पुढे कधी मोठा प्रोसेसर घालायचा विचार असेल तर सहा नळ्यांचा घ्यावा. दुकानात जाण्याआधी कॅबिनेटच्या कागदावर कूलरची किती उंची मावते ते पाहा. हे टॉवर साधारण १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात आणि स्वस्त अरुंद कॅबिनेटमध्ये मावत नाहीत.

वाऱ्याच्या कूलरची एक उणीवही सांगते. तो जड असतो. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा नावाजलेला कूलर पंख्यांसह १३२० ग्रॅमचा आहे, आणि ते सगळं वजन मदरबोर्डला आडवं लटकतं. तुम्ही घेणार तो याच्या निम्म्याएवढा असेल, पण पुण्याहून किंवा नगरहून संगणक जोडून आणणार असाल तर आपल्या रस्त्यांचा विचार करा. कॅबिनेट टेम्पोत आडवं झोपवून आणा, मदरबोर्ड खाली आणि कूलर वर उभा राहील असं. एसटीत मांडीवर उभं धरून आणू नका.

यापेक्षाही मोठी गोष्ट कोटेशनमध्ये आहे आणि तिच्यावर घरात कुणी भांडलं नाही. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र तयार करण्याचं मुख्य कष्टाचं काम ग्राफिक्स कार्डाकडे देता येतं, आणि तिथे ते प्रोसेसरपेक्षा पुष्कळ लवकर होतं. ग्राफिक्स कार्डाला त्याचे स्वतःचे पंखे असतात. प्रोसेसरवर लावलेला लिक्विड कूलर त्याला थंड करत नाही. मुलगा ज्या कामासाठी साडेअकरा हजारांचा कूलर मागतो आहे, त्या कामाचा मोठा भाग त्या कूलरच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही. वाचलेल्या आठ-नऊ हजारांतून ग्राफिक्स कार्ड एक पायरी वरचं आलं तर त्याला रोज फरक दिसेल. किंवा यूपीएस घ्या. आमच्याकडे वीज जाते तशी तुमच्याकडेही जातच असेल. तीन तासांचं रेंडर शेवटच्या दहा मिनिटांत वीज गेल्याने वाया जातं तेव्हा कुठलाही कूलर कामाला येत नाही. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचाच आहे ना, हे पाहा. खोलीच्या प्लगला अर्थिंग आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. त्याला शंभर-दोनशे रुपये लागतील. आणि हे सगळं करूनही काही उरलं तर ते धाकटीच्या फीत जाऊ द्या. तसंही संगणक घरात आला की तो तिचाही आहे. तिचा अकरावीचा अभ्यास त्यावर होणार असेल तर वेळ आधीच वाटून ठेवा, नाहीतर पुढचं पत्र तिचं येईल.

आता कॅबिनेट. पुढून काचेचं, आत रंगीत दिवे असलेलं कॅबिनेट दिसायला सुरेख, पण हवा आत येणार कुठून? कूलर टॉवरचा असो की पाण्याचा, त्याला ताजी हवा मिळाली नाही तर तो आतलीच गरम हवा फिरवत बसतो. पुढे जाळी, जाळीमागे दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढं पुरे. जाळीला काढता येणारं धुळीचं फिल्टर हवंच. श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव हा उसाचा पट्टा. गळीत हंगाम सुरू झाला की चिमण्यांतून चिपाडाची काळी राख उडते, ती गच्चीवरच्या कपड्यांवर दिसते आणि संगणकात दिसत नाही इतकाच फरक. हंगामात फिल्टर दर पंधरा दिवसांनी काढून झटका. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात मी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीआधी सगळे संगणक उघडवून घेते. कूलरच्या पत्र्यांवर धुळीची अक्षरशः गोधडी निघते. लिक्विड कूलरच्या रेडिएटरच्याही बारीक पत्र्यांत हीच गोधडी बसते, आणि तो छताला पंख्यांमागे असल्यामुळे साफ करायला जास्त किचकट.

साफसफाईचं काम गॅरेजवाल्या अब्बांकडे द्यावं, असं मला वाटतं. मात्र एक विनंती. गॅरेजचा किंवा पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर संगणकावर धरू नका. त्या हवेबरोबर टाकीतल्या पाण्याचे थेंब येतात आणि दाब इतका असतो की पंखा भिरभिरून त्याचं बेअरिंग जातं. हजार-बाराशेला हातातला छोटा ब्लोअर मिळतो तो वापरा, वीज काढून ठेवा आणि पंखा बोटाने धरून मगच फुंका. मोकळ्या अंगणात करा, घरात नको.

कुठला कूलर पुरतो हे भांडून ठरत नाही, मोजून ठरतं. तापमान दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात, 'एचडब्ल्यू इन्फो' हे त्यातलं एक. संगणक आला की मुलाने भर दुपारी अर्धा तास रेंडर लावावं आणि प्रोसेसरचा सर्वांत मोठा आकडा वहीत लिहावा. शेजारी खोलीचं तापमानही. तोच प्रयोग जानेवारीत, एप्रिलमध्ये, मेमध्ये. आकडा ९० च्या खाली असेल तर काही करायचं नाही. ९५ ला टेकून वेग उतरत असेल तर आधी फिल्टर पाहावं, मग संगणक भिंतीला चिकटून तर नाही ते पाहावं, मग पेस्ट बदलावी. एवढं करूनही उतरला नाही तर मोठ्या कूलरची मागणी करायला मुलाकडे वहीभर पुरावा असेल, आणि अब्बांनाही नाही म्हणता येणार नाही.

ज्यांच्या घरी जुना संगणक आहे आणि तो हल्ली घरघरतो, तापतो, मंद चालतो, त्यांनी तर नवा कूलर घेण्याआधी दोनच गोष्टी कराव्यात. पहिली, चालू संगणकावरचं ते भरतकाम केलेलं कव्हर काढावं. आमच्या बहिणींना संगणकाला कव्हर घालायची फार आवड. घाला, पण तो बंद करून थंड झाल्यावर. लाकडी कपाटाच्या बंद कप्प्यातही तो ठेवू नका. दुसरी, पेस्ट. प्रोसेसर आणि कूलर यांच्या मध्ये राखाडी रंगाची थर्मल पेस्ट असते, ती तीन-चार वर्षांत सुकते. जुनी पुसून नवी लावायची, मटारच्या लहान दाण्याएवढी, मधोमध. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही, ती कडेने ओघळते. नवा कूलर बसवत असाल तर त्याच्या तळाला प्लास्टिकची पातळ पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते, वर बहुधा सूचनाही छापलेली असते. ती आधी सोलून काढा. ती तशीच ठेवून बसवलेले कूलर मी दोनदा पाहिले आहेत, आणि दोन्ही वेळा घरच्यांना नवा प्रोसेसर घ्यायचा सल्ला मिळालेला होता.